गेटवरचा बोर्ड

सकाळचे आठ. रबाळे एमआयडीसी. कारखान्याच्या गेटला सुतळीने बांधलेला पुठ्ठा, त्यावर मार्करने लिहिलंय : 'पाहिजेत. इलेक्ट्रिशियन, हेल्पर. आत भेटा.' शिफ्ट सुटलीय. ज्यांना नोकरी आहे, तेच हा पुठ्ठा वाचत पुढे जातायत.

अशी माहिती एका जागी यावी म्हणून १९५९ सालीच कायदा झाला. २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या. भरती तिथूनच करा, अशी सक्ती मात्र नव्हती. 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घातलंय, कॉल येईल,' म्हणत कितीतरी घरांनी वर्षं काढली. ती वाट बघणारी माणसं आळशी नव्हती, हे आधी सांगायला हवं.

आता नोकरीच्या नोंदणीसाठी राज्याचं महास्वयंम हे पोर्टल आहे, २०१५ पासून केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा आहे. नोंदणी मोबाइलवर होते. पण एक कंपनी 'वायरमन' मागते, दुसरी 'मेंटेनन्सवाला', तिसरी 'टेक्निशियन'. काम तेच असलं, तरी मोजणार कसं? त्यासाठीच राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात प्रत्येक कामाला आठ आकडी कोड दिलाय. कंपनी, आयटीआय आणि रोजगार केंद्र, तिघांनी तोच कोड लिहिला तरच हिशेब जुळतो.

आणि हिशेब पुढचा लागतो. आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, दोन वर्षांचा. आज प्रवेश घेणारं पोर दोन वर्षांनी गेटवर उभं राहणार. तोवर गेट बदललेलं असतं. या ठाणे-बेलापूर रस्त्यावर एकेकाळी रसायनांचे कारखाने होते, आज ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत. आत कॉम्प्युटर थंड ठेवायला चोवीस तास चिलर चालतात, जनरेटर सज्ज असतात. ते सांभाळायला हात लागतात. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड आहे, पण घरोघरी त्याला 'फ्रीज दुरुस्ती' म्हणतात. येत्या दोन वर्षांत कोणती माणसं लागतील, हे कंपन्यांनी प्रवेशाआधी, मे महिन्यातच सांगावं. एवढंच मागणं आहे.

लोकमान्य नगर, ठाणे. सायबर कॅफे. दहावी झालेली मुलगी आणि तिचे वडील, आयटीआयचा फॉर्म भरायला आलेले. ऐरोली इथून फार लांब नाही. ठाण्याहून लोकलने दोन स्टेशनं.

कॅफेवाला विचारतो, "पहिला ट्रेड कुठला टाकू?"

वडील म्हणतात, "सगळे कुठला टाकतायत?"