टोबक्सी म्हणजे कोळसा

आज मी ज्या काउंटीबद्दल बोलणार आहे, ती 1907 नंतर नकाशावर सापडत नाही. अमेरिकेतल्या आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या आग्नेय भागात ती होती. तिचं नाव टोबक्सी. चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या भाषेत टोबक्सी म्हणजे कोळसा.

चोक्टॉ लोक मूळचे मिसिसिपीचे. 1830 च्या तहाने त्यांची तिथली जमीन गेली आणि त्यांना पश्चिमेला हाकलण्यात आलं. वाटेत थंडीने, पटकीने किती माणसं दगावली! तरीही नव्या मुलखात पोचल्यावर त्यांनी लेखी राज्यघटना, विधिमंडळ, शाळा, न्यायालयं, सगळं उभं केलं. आपल्या या चोक्टॉ राष्ट्राचे तीन जिल्हे केले आणि त्यांना आपल्या तीन मोठ्या सरदारांची नावं दिली. टोबक्सी मोशुलाटबी जिल्ह्यात होती. काउंटीला स्वतःचा न्यायाधीश, शेरीफ आणि रेंजर असे. या रेंजरचं काम ऐकून मला आपला कोंडवाडा आठवला. मोकाट गुरंघोडी धरायची, त्यांच्या खुणा जाहीर करायच्या, मालक आलाच नाही तर लिलाव.

आता मुख्य गोष्ट. जमीन कुणा एकाची नव्हती, सबंध राष्ट्राची होती. तुम्ही घर बांधा, शेत पिकवा. घर तुमचं, पीक तुमचं, पण खालची माती विकायचा अधिकार तुम्हाला नाही. खाणींसाठी मात्र घटनेत एक वेगळी तरतूद होती. राष्ट्राच्या नागरिकाला खनिज सापडलं, तर त्या जागेभोवती चहूबाजूंनी मैलभर त्याचा हक्क.

या तरतुदीचं मोल जेम्स मॅकॲलिस्टर या गोऱ्या दुकानदाराने ओळखलं. दोन जुन्या वाटांच्या चौकात त्याचं दुकान होतं आणि इथे कोळसा आहे हे त्याला ठाऊक होतं. 1872 मध्ये त्याने रेबेका बर्नी या चिकासॉ, म्हणजे शेजारच्या मूळ जमातीतल्या, स्त्रीशी लग्न केलं. चोक्टॉ आणि चिकासॉ यांची जमीन सामाईक, त्यामुळे त्याला इथले हक्क मिळाले. त्याच वर्षी एमकेटी कंपनीचा रेल्वेमार्ग तिथून गेला. वाफेच्या इंजिनांना कोळसा लागणारच. पुढे रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या कोळशामागे मिळणारा पैसा, खाणमालकाची की राष्ट्राची, यावरून वाद पेटला. चोक्टॉ राष्ट्राचे प्रमुख कोलमन कोल यांची बाजू स्पष्ट होती: कोळसा सगळ्यांचा. त्यांनी मॅकॲलिस्टर आणि त्याच्या भागीदारांना देहदंड फर्मावला आणि ते निसटले, असं सांगतात. पुढे हाच मॅकॲलिस्टर ओक्लाहोमाचा उपराज्यपाल झाला. मला यात कोल यांचंच म्हणणं रास्त वाटतं. सामाईक जमिनीच्या पोटातला कोळसा लग्नाच्या वाटेने खाजगी कसा होतो, याचं उत्तर त्यांना कुणीच दिलं नाही.

खाणींत उतरले ते इटली, पोलंड, वेल्सहून आलेले मजूर. ते राष्ट्राचे नागरिक नव्हते. राहत्या घराखालची जमीनही त्यांना घेता येत नव्हती. 7 जानेवारी 1892 रोजी तिथल्या क्रेब्स गावच्या 11 क्रमांकाच्या खाणीत स्फोट झाला. संध्याकाळची वेळ, पाळी सुटत आलेली, माणसं वर यायच्या तयारीत. शंभरच्या आसपास गेले.

मग वॉशिंग्टनच्या सरकारने सामाईक जमीन मोडायची ठरवलीच. 1897 चा अटोका करार, 1898 चा कर्टिस कायदा. चोक्टॉ न्यायालयांचे अधिकार छाटले गेले, जमिनीचे माणशी तुकडे पडले. कोळशाचा पट्टा तेवढा वाटपाबाहेर राहिला. 1905 मध्ये मूळ रहिवाशांनी सिक्वोया नावाचं स्वतःचं राज्य मागितलं. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ते विचारातही घेतलं नाही.

16 नोव्हेंबर 1907 रोजी ओक्लाहोमा राज्य झालं. हे नावसुद्धा चोक्टॉच आहे, ओक्ला म्हणजे लोक, हुम्मा म्हणजे तांबडे. आणि टोबक्सीचं काय केलं? तिचा बराचसा मुलूख एका नव्या काउंटीत घातला आणि त्या काउंटीला नाव दिलं पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशा-पोलादाच्या शहरावरून. म्हणजे नावातला कोळसा ठेवला, फक्त ज्यांच्या शब्दात तो होता त्यांचा शब्द पुसला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

2021 मध्ये याच पिट्सबर्ग काउंटीतून आलेल्या एका फौजदारी खटल्यात ओक्लाहोमाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की चोक्टॉंचं राखीव क्षेत्र काँग्रेसने कधी रद्द केलेलंच नव्हतं. तेव्हापासून त्या मुलखात मूळ रहिवाशांवरचे बरेच फौजदारी खटले पुन्हा चोक्टॉ राष्ट्राच्या न्यायालयात उभे राहू लागले आहेत.