काम तेच, श्रेणी वेगळी

(दृश्य : बॅलार्ड इस्टेट, मुंबई. सकाळची वेळ. दगडी इमारतींसमोरून ऑफिसकडे निघालेली माणसं.)

निवेदन :

मुंबई गोदीला लागून असलेली ही बॅलार्ड इस्टेट. इथे एकेकाळी जहाज कंपन्यांचं राज्य होतं. मॅकिनन मॅकेन्झी हे त्यातलं बडं नाव. 1847 साली कलकत्त्यात सुरू झालेली, मोठमोठ्या आगबोट कंपन्यांचा कारभार पाहणारी पेढी. तिच्या कचेरीत 1970 च्या दशकात दोन प्रकारचे स्टेनोग्राफर होते. एक नुसते स्टेनोग्राफर. हे पुरुष. आणि दुसऱ्या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर'. या वरिष्ठ साहेबांकडे नेमलेल्या.

साहेब मजकूर सांगणार, या शॉर्टहँडमध्ये उतरवून घेणार, टाइप करून सहीला ठेवणार. पुरुष स्टेनोही हेच करणार. या बायकांच्या हातून वर कंपनीचा गोपनीय पत्रव्यवहारही जायचा. आता कुणालाही वाटेल की गुपितं सांभाळणाऱ्याला चार पैसे जास्तच मिळत असतील. इथे उलटा कारभार होता.

(दृश्य : जुना टाइपरायटर, कार्बन पेपर, शॉर्टहँडची वही.)

ऑड्री डिकोस्टा या त्यांच्यापैकी एक. जून 1977 मध्ये कंपनीने त्यांची नोकरी संपवली. त्यांनी समान वेतन कायद्याखाली अर्ज केला. मागणी साधी होती : पुरुष स्टेनोला जेवढं मिळत होतं आणि मला जेवढं दिलंत, त्यातला फरक द्या.

कायदा तेव्हा कोरा करकरीत होता. 1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल नुकताच आलेला. 26 सप्टेंबर 1975 ला वटहुकूम निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे ऐन आणीबाणीत. बाकीच्या हक्कांना टाळं लागलेलं असताना हा एक हक्क कागदावर उमटला, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

(दृश्य : मुंबई उच्च न्यायालयाची इमारत, बाहेरून.)

कंपनीचं उत्तर वाचण्यासारखं आहे. पहिला मुद्दा : या 'लेडी स्टेनोग्राफर' हा वेगळाच वर्ग आहे, त्यांची तुलना पुरुष स्टेनोंशी करूच नका. दुसरा : पगाराच्या श्रेणी युनियनबरोबरच्या करारात ठरल्या आहेत. तिसरा : कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही, सगळ्यांना सारखं देणं परवडत नाही.

यातला दुसरा मुद्दा जास्त बोचतो. मालकाने बाईला कमी दिलं, यात नवल नाही. पण करारावर सही युनियनचीही होती. पुरुष स्टेनोंना एक श्रेणी, बायकांना दुसरी, आणि दोन्ही बाजूंना ते मान्य. डिकोस्टांचा अर्ज ज्याच्यापुढे आला, त्या पहिल्या अधिकाऱ्याने काय करावं? दोघांचं काम सारखंच आहे हे त्याने मान्य केलं, आणि करार झालेला आहे म्हणून अर्ज फेटाळला. अपिलात हा निर्णय फिरला. डिकोस्टांना सुमारे 7,200 रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

साधारण पावणेदोन वर्षांच्या पगारातला फरक, 7,200 रुपये. एवढ्यासाठी कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एका न्यायाधीशांपुढे हरली. मग खंडपीठापुढे हरली. मग दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात. वकिलांची फी त्या रकमेच्या किती पट झाली असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. पण कंपनी वेडी नव्हती. प्रश्न एका बाईच्या थकबाकीचा नव्हता. ही एक श्रेणी ढासळली, तर अशा किती श्रेणी ढासळतील, याची धास्ती होती.

26 मार्च 1987. न्यायमूर्ती वेंकटरामय्या आणि न्यायमूर्ती दत्त यांनी निकाल दिला. काम सारखं आहे का, हे ठरवताना दृष्टी व्यापक ठेवा, असं त्यांनी सांगितलं. बारीकसारीक फरकांना महत्त्व नाही. फरक व्यवहारात खरोखर मोठा आहे का, ते बघा. कराराची सबब चालणार नाही. आणि परवडत नाही ही तर नाहीच नाही, कारण हा कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही.

नोकरी गेल्यापासून जवळजवळ दहा वर्षांनी डिकोस्टा जिंकल्या.

(दृश्य : नरिमन पॉइंट, एअर इंडियाची इमारत. मग आकाशात चढणारं विमान.)

आता सहा वर्षं मागे जाऊ. बॅलार्ड इस्टेटपासून थोड्याच अंतरावर, नरिमन पॉइंटला एअर इंडिया. तिथल्या हवाई सुंदरींचीही अशीच तक्रार होती. विमानात त्यांच्याबरोबर प्रवाशांची व्यवस्था बघणारे पुरुष कर्मचारी, म्हणजे फ्लाइट पर्सर, असायचे. तो 58 व्या वर्षी निवृत्त होणार. हवाई सुंदरी 35 व्या वर्षी. त्याआधी नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी. पहिल्यांदा गरोदर राहिली तरी घरी. पगाराच्या आणि बढतीच्या वाटाही वेगळ्या.

नर्गेश मिर्झा खटला म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, तीही कडक शब्दांत. वयाची मुदत वाढवणं व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारी तरतूदही काढून टाकली. पण हवाई सुंदरी आणि पर्सर हे दोन वेगळे संवर्ग आहेत, हे कंपनीचं म्हणणं मात्र मान्य केलं. त्याआधी 1979 मध्ये केंद्र सरकारने समान वेतन कायद्यातल्याच एका कलमाचा आधार घेऊन जाहीर केलं होतं की, या दोन पदांच्या पगारातला फरक स्त्री-पुरुष असण्यामुळे नाही. न्यायालयाने ते ग्राह्य धरलं.

बघा, युक्तिवाद एकच आहे : यांचा वर्ग वेगळा. आगबोटीच्या कंपनीत तो पडला, विमानाच्या कंपनीत तो टिकला. आणि वर्ग वेगळा केला कुणी? भरती करणाऱ्यानेच. आधी या खुर्चीवर फक्त बायका बसवायच्या, त्या खुर्चीला वेगळं नाव द्यायचं, आणि मग सांगायचं की या खुर्चीची तुलना त्या खुर्चीशी होत नाही. पगारातली तफावत बहुतेक वेळा अशी पडते. एकाच टेबलाशी बसलेल्या दोघांना वेगवेगळं पाकीट, असं उघड उघड फार कमी ठिकाणी होतं.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. कोळशाची खाण, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका.)

बरोबरीने दाम देता येतो, हे सरकारला आधीच माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला, तेव्हा खाणीच्या पोटात बायकांना उतरवण्यावरची बंदी 1943 मध्ये उठवली गेली. त्यावरून मध्यवर्ती कायदेमंडळात बरीच टीका झाली. 8 फेब्रुवारी 1944 ला उत्तर द्यायला उभे राहिले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लिंगभेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच लागू होतं आहे, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये बंदी परत आली. कोळसा हवा होता तेवढे दिवस बाईची मजुरी पुरुषाएवढी होती.

(दृश्य : 1972 च्या दुष्काळाची छायाचित्रं. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा.)

1972 चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. सुकडी, खडी फोडणं, पाझर तलाव. वि. स. पागे यांनी कल्पिलेली रोजगार हमी योजना याच दिवसांत राज्यभर गेली. पुढे तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. गावात बाईचा रोज आणि गड्याचा रोज वेगळा, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. हमीच्या कामावर दर होता मातीचा. इतकी माती खणली, इतकी वाहिली, इतके रुपये. वाटणी करताना घरोघरी काय व्हायचं तो भाग निराळा. पण हजेरीपटावर गडी आणि बाई असे दोन भाव नव्हते.

(दृश्य : उसाचा फड. पहाट. थंडीत पेटवलेली शेकोटी, मग कोयत्याचे घाव.)

आता बघू त्याच दुष्काळी पट्ट्यातून दर हंगामाला बाहेर पडणारी माणसं. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता.

फडात नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. त्याआधी आणि त्यानंतर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पाणी, भाकरी, लेकरं. मजुरी टनावर. हिशेब कोयत्याचा. उचल नवऱ्याच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या हातात. इथे बाईला पुरुषापेक्षा किती कमी मिळतं, हा प्रश्नच विचारता येत नाही, कारण तिचा पगार असा वेगळा आकडाच कुठे लिहिलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. शरद पवार, पंकजा मुंडे, साखर कारखानदार, मजूर संघटना, सगळे बसून ठरलं. वाढ झाली ती टनाला.

आणि खाडा झाला, म्हणजे एक दिवस जरी कामावर गेलं नाही, तर जोडीची मजुरी बुडते, वर दंड कापला जातो. पाळी, पोटदुखी, बाळंतपण, कशाचीही सवलत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची ओरड झाली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. वेतनाची विषमता मोजणाऱ्या कोणत्या तक्त्यात हा आकडा बसवायचा?

(दृश्य : डी. वाय. पाटील स्टेडियम, नवी मुंबई. भरलेले स्टँड, निळे झेंडे.)

थोडी बरी बातमीही आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने जाहीर केलं की, महिला आणि पुरुष खेळाडूंना सामन्याची फी सारखीच मिळेल. कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6 लाख, टी-20 ला 3 लाख. टाळ्या वाजल्या, वाजायलाच हव्या होत्या. पण तेव्हा वार्षिक कराराचा तक्ता वेगळाच होता. पुरुषांच्या सर्वात वरच्या श्रेणीला 7 कोटी, महिलांच्या सर्वात वरच्या श्रेणीला 50 लाख. सांगलीची स्मृती मानधना या श्रेणीतली. आणि कसोटीचे 15 लाख मिळवायला आधी कसोटी खेळायला मिळावी लागते. 2014 मध्ये म्हैसूरला झालेल्या कसोटीनंतर भारताच्या महिला संघाला मायदेशातली पुढची कसोटी डिसेंबर 2023 मध्ये मिळाली, याच डी. वाय. पाटील मैदानावर. तरी बरं, इथे निदान तुलना करायला समोर पुरुषांचा संघ आहे.

(दृश्य : अंगणवाडीतली मुलं. सेविका वजनकाट्यावर बाळ ठेवते आहे.)

अंगणवाडी सेविकेने तुलना कुणाशी करायची? आशा ताईने कुणाशी? या कामांत पुरुष नाहीतच. काम आहे, नोंदवह्या आहेत, मोबाइलवर भरायची माहिती आहे, साहेबाची बैठक आहे. पण मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि आशा तर कागदोपत्री 'स्वयंसेविका'. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी संप केला, तो याच दुखण्यावर.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1951 चा करार समान मूल्याच्या कामाबद्दल बोलतो. म्हणजे कामं वेगळी असली तरी त्यांचं मोल तोलून बघा. बालवाडीतलं काम आणि गोदामातलं काम शेजारी शेजारी ठेवा. भारताने 1958 मध्ये हा करार मान्य केला. कायदा करताना मात्र 'तेच काम किंवा तशाच प्रकारचं काम' एवढ्यावर थांबलो. जिथे फक्त बायकाच आहेत, तिथे हा कायदा पोचतच नाही.

(दृश्य : पगाराची स्लिप. आकड्यांवर धूसर पट्टी.)

खासगी ऑफिसांत अडचण आणखी वेगळी. शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतं हेच कळत नाही. पगार कुणाला सांगू नये, अशी तंबी नेमणुकीच्या पत्रातच असते. आइसलँडने 2018 पासून हे ओझं मालकावर टाकलं. 25 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तर आपण सारखं वेतन देतो हे कंपनीने सिद्ध करून प्रमाणपत्र घ्यायचं. आपल्याकडे सिद्ध करायचं असतं ते तक्रार करणाऱ्या बाईने.

1976 चा कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. तो 2019 च्या वेतन संहितेत मिसळला आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. एकसारख्या कामाची जुनी व्याख्या कौशल्य, श्रम आणि जबाबदारी या तीन गोष्टी बघायची. नव्या व्याख्येत चौथी आली आहे, अनुभव. दोन बाळंतपणं, मग सासऱ्यांचं आजारपण, यात पाच वर्षं घरी राहिलेली बाई परत कामावर आली, की तिच्या अनुभवाच्या रकान्यात ती पाच वर्षं रिकामी दिसणार. मालकाच्या वकिलाला बोट ठेवायला जागा तयार आहे.

वाद झाला तर काम सारखं की वेगळं हे सरकारने नेमलेला अधिकारी ठरवेल. त्याच्यापुढे डिकोस्टा निकाल ठेवता येईल. दृष्टी व्यापक ठेवा, हे त्यात लिहिलेलं आहेच. पण जुन्या व्याख्येत अनुभव नव्हता. त्यामुळे अनुभवातला किती फरक व्यवहारात मोठा मानायचा, यावर आता नव्याने भांडण होईल. ते पहिल्यांदा कोण भांडतं, आणि तिची युनियन या खेपेला टेबलाच्या कोणत्या बाजूला बसते, यावर बरंच काही ठरेल.