टेप काढणाऱ्या हातांचा पगार

मंडळी, मी जुने कागद दुरुस्त करून जतन करण्याचं काम करते. परवा आमच्या टेबलावर एक जुना मोडी कागद आला. घडीवर फाटलेला. कुणीतरी मायेनंच त्याच्यावर सेलोटेप चिकटवली होती. वर्षं गेली की टेपचं प्लास्टिक सुटून येतं, पण तिचा गोंद कागदात मुरतो, आधी पिवळा पडतो आणि मग तपकिरी. माझ्याकडे शिकणारी मुलगी आधी कोपऱ्यात द्रावकाचा थेंब टेकवून शाई फुटत नाही ना ते पाहते. मग कोमट स्पॅच्युलानं, म्हणजे चपट्या पातीनं, टेपची कड उचलते. दोन तासांत बोटभर टेप निघाली. भेगेवर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी कागदाची पातळ पट्टी लागते. खळच का? उद्या कुणाला आपली दुरुस्ती चुकीची वाटली, तर ओलाव्यानं ती सोडवता आली पाहिजे.

या कामाला रसायनशास्त्र लागतं आणि चित्रकाराचा हातही. दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या जागा देशात मोजक्याच आहेत. काम मात्र एकट्या मुंबईत डोंगराएवढं पडलंय. एशियाटिक सोसायटी १८०४ची, भाऊ दाजी लाड संग्रहालय लोकांसाठी उघडलं १८७२मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२मध्ये. त्यात समुद्र हाकेवर. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि कसर तर बारा महिने असतेच.

पैसा येतो तो वस्तूसाठी, इमारतीसाठी, यंत्रासाठी. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. यंत्रापुढे बसणाऱ्या मुलीच्या खोलीभाड्यावर कसली पाटी लावणार? मी पदव्युत्तर शिक्षण संपवलं तेव्हा एका संस्थेनं मला वर्षभर बिनपगारी ठेवलं, ‘अनुभव मिळेल’ म्हणून. संध्याकाळी शिकवण्या घेतल्या म्हणून मी टिकले. माझ्या बरोबरची मैत्रीण, हाताला माझ्यापेक्षा कितीतरी सफाई असलेली, सहा महिन्यांत बँकेत लागली. तिच्या घरी पगाराची वाट पाहणारी माणसं होती. असा हात पुन्हा माझ्या पाहण्यात आला नाही, आणि ते मला आजही लागतं.

इथे कंपन्यांची मंडळी बसली आहेत, म्हणून स्पष्ट मागते. सामाजिक जबाबदारीचा पैसा कशावर खर्च करता येतो, त्याची यादी कंपनी कायदा २०१३च्या सातव्या परिशिष्टात आहे. तिच्यात वारसा आणि कलाकृतींचं जतन आहे, शिक्षणही आहे. त्यासाठी नफ्यातून काढायच्या दोन टक्क्यांत हा खर्च बसू शकतो. हे काम शिकणाऱ्या मुलांची नुसती फी भरू नका, ती त्यातल्या त्यात सोपी. दोन वर्षांचं राहणं-जेवण द्या. आणि पदवीनंतरचं एक वर्ष, अनुभवी माणसाच्या हाताखालचं, पगारी करा. मुलं गळतात ती नेमकी त्याच वर्षात.

त्या मोडी कागदावर टेपच्या नऊ पट्ट्या आहेत. आतापर्यंत चार निघाल्या. मुलीची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते.