चौकटीतला राग

[दृश्य: रात्र. मतमोजणीचा हॉल. लांबच लांब टेबलं, मतपत्रिकांचे गठ्ठे, झरझर कागद मोजणारी बोटं.]

मे 2015. वेल्समधला मॉन्टगोमेरीशर मतदारसंघ. इथे मतदानयंत्र नाही. कागद आहे, आणि तो मोजणारी माणसं आहेत. ज्या मतपत्रिकेवर शंका येते ती बाजूला काढतात आणि निवडणूक अधिकारी उमेदवारांच्या देखत तिचा निकाल लावतो.

त्या रात्री अशाच एका मतपत्रिकेवर, पसंतीच्या नावापुढे मारायच्या फुलीऐवजी, चित्र निघालं. मतदाराने पुरुषाचं लिंग काढून ठेवलं होतं, चांगलं बारकाव्यांसकट. त्याला काय म्हणायचं होतं हे सांगायची गरज नाही. पण झालं काय, की चित्र एकाच उमेदवाराच्या चौकटीत बसलं होतं, रेघेबाहेर जराही न जाता. अधिकाऱ्याने मत वैध ठरवलं.

ते मत पडलं हुजूर पक्षाच्या ग्लिन डेव्हिस यांच्या खात्यात. ही गोष्ट त्यांनी स्वतःच जगजाहीर केली, आणि ते निवडूनही आले.

माणसाने शिवी घातली. व्यवस्थेने ती पाठिंबा म्हणून मोजली. ब्रिटनच्या मतदाराचं गेल्या काही वर्षांतलं दुखणं मला याच चौकटीत दिसतं.

[दृश्य: चर्चचा हॉल. दारावर ‘मतदान केंद्र’ असा फलक. आत लाकडी आडोसे.]

मतदानाचा दिवस बहुतेक वेळा गुरुवार. सुट्टी नसते. सकाळी 7 ते रात्री 10. कामाला जाता-येता लोक चर्चच्या हॉलमध्ये, शाळेत, कुठे कुठे तर चक्क पबमध्ये जाऊन मत देतात. आडोशामागे एक पेन्सिल, बहुधा दोऱ्याने बांधलेली. बोटाला शाई लावत नाहीत. फोटोचं ओळखपत्र मागायला लागले तेसुद्धा 2023 पासून.

आणि ‘नोटा’ नाही. आपल्याकडे 2013 पासून ते बटण आहे, त्याचा उपयोग किती हा वेगळा विषय. ब्रिटनमध्ये ‘यापैकी कुणीच नको’ म्हणायचं असेल तर घरी बसा, नाहीतर मतपत्रिका खराब करा. बाद मतं किती ते जाहीर होतं. त्यांवर लोकांनी काय लिहिलं होतं ते मात्र त्या हॉलमध्येच राहतं.

जाता जाता: लंडनच्या हाउन्सलोला किंवा जवळच्या स्लावला राहणारा, अजून भारतीय पासपोर्ट असलेला मराठी माणूसही इथे खासदार निवडायला मत देऊ शकतो. राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून त्याला तो हक्क आहे. तेव्हा ही गोष्ट अगदीच परक्यांची नाही.

[दृश्य: 4 जुलै 2024 च्या रात्रीचा निकालाचा पडदा. लाल रंगाने भरत चाललेला नकाशा.]

2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाने एकच शब्द लावून धरला होता: बदल. निकाल लागला तेव्हा 650 पैकी 411 जागा त्यांच्या. ‘प्रचंड विजय’ असे मथळे झळकले.

आता मतं बघा. मजूर पक्षाला मिळाली 33.7 टक्के. मतदान झालं 60 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मतदारयादीतल्या दर पाच माणसांत एकाने किअर स्टार्मर यांच्या पक्षापुढे फुली मारली. आणखी गंमत पुढे आहे. 2017 मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली याच पक्षाला 1 कोटी 28 लाखांवर मतं मिळाली आणि पक्ष हरला. 2024 मध्ये 97 लाख मिळाली आणि पक्षाने मैदान मारलं.

याच निवडणुकीत रिफॉर्म यूके या उजव्या विचारांच्या पक्षाला 41 लाख मतं पडली. जागा 5. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, 35 लाख. जागा 72. रिफॉर्मची मतं देशभर पातळ पसरली होती, लिबरलांची मोजक्या भागांत घट्ट होती, एवढाच फरक. रिफॉर्म पक्षाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या 41 लाख लोकांना ‘तुमचं मत मोजलं गेलं’ असं सांगायला कुणी जाऊ नये.

पद्धत साधी आहे. एका मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो खासदार. निम्मी मतं लागत नाहीत. साउथ वेस्ट नॉरफोकमध्ये लिझ ट्रस पडल्या, म्हणजे ज्या 49 दिवस पंतप्रधान होत्या त्याच. त्यांना हरवणाऱ्या मजूर उमेदवाराला मतं होती 26.7 टक्के. चारातल्या तिघांना दुसरंच कुणीतरी हवं होतं. हीच पद्धत आपणही उचलली. 2014 च्या लोकसभेत 31 टक्के मतांवर 282 जागा आल्या होत्या, ते विसरायला नको.

मग लोक काय करतात? दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मत देतात. ज्याला पाडायचंय त्याच्यासमोर जो टिकेल, त्याला फुली. ती फुली पसंतीची नव्हे, पण मोजताना तसा वेगळा ढीग लावायची सोय नाही.

[दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांची पानं. तळ्यातलं बदकांचं छोटं लाकडी घर.]

विश्वास उडाला तो काही एका दिवसात नाही. 2009 मध्ये खासदारांच्या भत्त्यांची बिलं बाहेर आली. एकाने तळ्यातल्या बदकांच्या घरासाठी 1,645 पौंडांचं बिल लावलं होतं. पैसे मंजूर झाले नाहीत, पण ते बदकांचं घर लोकांच्या डोक्यात कायमचं बसलं. बँका बुडाल्या, नोकऱ्या गेल्या, आणि साहेब बदकांना घर बांधतायत!

2010 मध्ये लिबरल डेमोक्रॅट्सच्या उमेदवारांनी सह्या करून वचन दिलं, विद्यापीठाची फी वाढू देणार नाही. सत्तेत भागीदार झाले आणि फीची मर्यादा 9,000 पौंडांपर्यंत गेली. पुढच्या निवडणुकीत 57 जागांचा हा पक्ष 8 वर आला.

मग ब्रेक्झिट. 2017 च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी अचानक निवडणूक पुकारली, तेव्हा ब्रिस्टलमध्ये एका बाईंना वार्ताहराने रस्त्यात ती बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, ‘चेष्टा करताय! अजून एक?’ अख्ख्या देशाला त्यात आपलाच आवाज ऐकू आला. 2016 ते 2024 या काळात त्या देशाने सहा पंतप्रधान पाहिले. लोकांना घरात कोंडून घालणाऱ्या सरकारच्या पंतप्रधान निवासातच टाळेबंदीत पार्ट्या झाल्या, हेही पाहिलं.

आणि ‘बदल’? सत्तेवर येऊन महिना व्हायच्या आत मजूर सरकारने हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारं अनुदान बहुतेक पेन्शनरांसाठी बंद करायचं ठरवलं. वर्षभरात बराचसा निर्णय फिरवला, पण बोलायचं ते लोक बोलून गेले होते: सगळे सारखेच.

[दृश्य: वेस्टमिन्स्टर पूल. पाऊस. छत्र्या.]

मग पद्धतच का बदलत नाहीत? एकदा विचारलं होतं. 5 मे 2011 ला सार्वमत झालं. पण पर्याय होता पसंतीक्रमाने मत देण्याचा. मतांच्या प्रमाणात जागा हा पर्याय लोकांपुढे ठेवलाच नाही. लिबरल डेमोक्रॅट्सचे तेव्हाचे नेते निक क्लेग, ज्यांनी हे सार्वमत पदरात पाडून घेतलं, त्यांनी स्वतःच त्या पर्यायाला वर्षभर आधी ‘केविलवाणी तडजोड’ म्हटलं होतं. 42 टक्के लोक मत द्यायला गेले, त्यातल्या 67.9 टक्क्यांनी नाही म्हटलं. तेव्हापासून विषय काढला की हाच आकडा तोंडावर मारतात.

खरं कारण त्याहून सोपं आहे. 2022 मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनाने प्रमाणशीर पद्धतीच्या बाजूने ठराव केला. पक्षाच्या नेत्यांनी तो जाहीरनाम्यात घेतला नाही. ज्या शिडीने 33.7 टक्क्यांवर 411 जागांपर्यंत चढता येतं, ती कोण मोडेल? स्कॉटलंडची संसद, वेल्सची, उत्तर आयर्लंडची विधानसभा, सगळीकडे प्रमाणशीर मार्ग वापरतात. एकट्या वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटनच्या संसदेला, तो अवघड वाटतो.

[दृश्य: पहाटेचा हॉल. रिकामे चहाचे कप. पुन्हा सुरू झालेली मोजणी.]

1 मे 2025. रनकॉर्न अँड हेल्सबी. मजूर पक्षाने दहा महिन्यांपूर्वी 14,696 मतांनी जिंकलेला मतदारसंघ. पोटनिवडणुकीची मतमोजणी पहाटेपर्यंत चालली. फरक इतका कमी, की फेरमोजणी घ्यावी लागली. मराठी माणसाला इथे दादाभाई नौरोजी आठवावेत. मुंबईत एल्फिन्स्टनला गणित शिकवणारे दादाभाई 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून 5 मतांनी निवडून आले होते.

रनकॉर्नचा निकाल जाहीर झाला. रिफॉर्म यूके, 12,645. मजूर पक्ष, 12,639.

सहा मतं. आणि मतदारयादीतले निम्म्याहून जास्त लोक त्या दिवशी केंद्राकडे फिरकलेच नव्हते.

[दृश्य: रिकामा आडोसा. दोऱ्याला लटकणारी पेन्सिल. पडदा काळा.]