पंपावर क्लिक, समोर डेटाशीट

[पडद्यावर: पाइपिंगचं ड्रॉइंग. कर्सर पंपाच्या चिन्हावर थांबतो. शेजारी लिंकचं चिन्ह आणि एक ओळ उमटते: पी-101, डेटाशीट.]

निवेदन:

ड्रॉइंगमधला पंप म्हणजे एक वर्तुळ आणि दोन-तीन रेषा. त्याची क्षमता, मोटर, तपासणीचा दाखला यातलं काहीच इथे काढलेलं नाही, आणि काढूही नये. शीट वाचता येणार नाही. कंट्रोल दाबून चिन्हावर क्लिक केलं की डेटाशीटची पीडीएफ उघडते.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली ही सोय नवी नाही. 1997 च्या रिलीज 14 मध्येच ऑब्जेक्टला, म्हणजे काढलेल्या रेषेला किंवा चिन्हाला, वेबपत्ता जोडता येत होता. हायपरलिंक या नावाची कमांड ऑटोकॅड 2000 पासूनची. तरीही बहुतेक ड्रॉइंगांत ती वापरलेली दिसत नाही, आणि जिथे दिसते तिथे निम्म्या लिंका तुटलेल्या असल्या तर नवल वाटायला नको. कारण लिंक जोडणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ती टिकवायला मात्र आधी फोल्डरांचा विचार करावा लागतो.

[पडद्यावर: हायपरलिंकचा डायलॉग.]

आधी ड्रॉइंग सेव्ह करा. सेव्ह न केलेल्या फाइलला स्वतःचंच ठिकाण नसतं, मग तिच्यापासूनचा पाथ, म्हणजे दुसऱ्या फाइलपर्यंतचा रस्ता, कुठून मोजणार? आता कंट्रोल आणि के दाबा, ऑब्जेक्ट निवडा, एंटर. डायलॉगमध्ये फाइल किंवा वेबपेज, याच ड्रॉइंगमधला व्ह्यू (साठवून ठेवलेलं दृश्य) किंवा ईमेल पत्ता निवडता येतो. लिंक दुसऱ्या ड्रॉइंगला असेल तर टार्गेट बटणाने त्यातला नेमका लेआउट (छापायचं पान) किंवा नाव दिलेला व्ह्यू ठरवता येतो. वरच्या चौकटीतला मजकूर कर्सरशेजारी उमटतो. ती चौकट रिकामी सोडू नका. नाहीतर वाचणाऱ्याला नुसता लांबलचक पाथ दिसतो.

टेम्प्लेट फाइलला, म्हणजे नव्या ड्रॉइंगच्या तयार साच्याला, लिंक दिली तर टेम्प्लेट उघडत नाही, त्यावरून नवं ड्रॉइंग सुरू होतं. हे मुद्दाम वापरण्यासारखं आहे.

डायलॉगच्या खालच्या भागात रिलेटिव्ह पाथची, म्हणजे ठरलेल्या फोल्डरपासून मोजलेल्या पाथची, खूण आहे. खरी गोम तिथेच.

[पडद्यावर: दोन फोल्डर शेजारी शेजारी. एकात ड्रॉइंग, त्याच्या पोटात ‘डेटाशीट’ नावाचा फोल्डर.]

खूण नसेल तर ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण पाथ साठतो. ज्या मशीनवर तोच सर्व्हर वेगळ्या अक्षराने जोडलेला आहे, तिथे लिंक मेली. खूण असेल तर फक्त ‘डेटाशीट फोल्डरमधली पी-101’ एवढंच साठतं. ड्रॉइंग आणि हा फोल्डर एकत्र हलवले की लिंक शाबूत राहते. ड्रॉइंग एकटंच उचललं तर नाही.

हा रिलेटिव्ह पाथ मोजायचा कुठून, हे हायपरलिंक-बेस ठरवतं. ड्रॉइंग प्रॉपर्टीजच्या समरी टॅबवर ती जागा आहे. ती रिकामी असेल तर ड्रॉइंगच्या स्वतःच्या फोल्डरपासून मोजणी होते. भरलेली असेल तर तिथल्या पत्त्यापासून. ही नोंद ड्रॉइंगमध्येच सेव्ह होते, म्हणून जुन्या प्रकल्पाची फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं काम सुरू केलं की जुना बेसही सोबत येतो. लिंका मग जुन्याच फोल्डरात शोधायला जातात. तिथे त्याच नावाची फाइल नसेल तर बरं, निदान एरर येते. असेल तर मागच्या प्रकल्पाची डेटाशीट मुकाट्याने उघडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सगळी ड्रॉइंग एकाच ठिकाणच्या लायब्ररीकडे न्यायची असतील तेव्हाच बेस भरावा. एरवी तो रिकामा बरा.

[पडद्यावर: पंपाचं चिन्ह कॉपी होतं. नवा टॅग, म्हणजे उपकरणाचा क्रमांक, पी-102. कर्सर वर नेल्यावर ओळ येते: पी-101, डेटाशीट.]

दुसरा घोळ कॉपीचा. हायपरलिंक ऑब्जेक्टच्या एक्स-डेटामध्ये, म्हणजे त्याला चिकटवलेल्या जादा माहितीत, साठते, पीई-यूआरएल या नावाखाली. ऑब्जेक्ट कॉपी केला की एक्स-डेटाही कॉपी होतो. टॅग बदलायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. लिंक डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते.

यावर क्विक सिलेक्टचा, म्हणजे गुणधर्मावरून ऑब्जेक्ट निवडणाऱ्या कमांडचा, उपाय चांगला. प्रॉपर्टीच्या यादीत हायपरलिंक निवडायचं, वाइल्डकार्ड (कोणत्याही मजकुराच्या जागी चालणारं * हे चिन्ह) लावून पी-101 शोधायचं. निवड एकाऐवजी दोन ऑब्जेक्टची झाली की चोर सापडला. एकेक बघायचं तर प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये, लेयर (ड्रॉइंगचा थर) आणि रंगाच्या गटातच, हायपरलिंकची ओळ असते. तिथून बदलताही येते.

ब्लॉकची, म्हणजे एकदा बनवून पुन्हा पुन्हा टाकायच्या चिन्हाची, गोष्ट जरा वेगळी. लिंक ब्लॉकच्या प्रत्येक प्रतीला देता येते, किंवा ब्लॉकच्या आतल्या ऑब्जेक्टला. प्रत्येक उपकरणाचा कागद वेगळा असेल तर लिंक प्रतीला द्या. सगळ्या व्हॉल्व्हना एकच मॅन्युअल लागू असेल तर आतल्या ऑब्जेक्टला एकदाच द्या. आतली लिंक रिलेटिव्ह असेल तर ज्या ड्रॉइंगमध्ये ब्लॉक टाकाल त्याचा बेस ती घेते, हे विसरू नका. आणि ब्लॉक एक्सप्लोड केला, म्हणजे सुट्या ऑब्जेक्टमध्ये फोडला, की प्रतीला दिलेली लिंक गेली. आतल्या तेवढ्या उरतात.

[पडद्यावर: खोलीची बंद पॉलिलाइन, म्हणजे जोडलेल्या रेषांचा एकच ऑब्जेक्ट. कर्सर मधोमध फिरतो, काहीच उमटत नाही. रेषेवर येताच ओळ दिसते.]

लिंक असूनही उघडत नाही, अशी तक्रार आली तर आधी हे पाहा. पोकळ आकाराच्या मध्ये ऑब्जेक्ट नसतो. कर्सर रेषेवरच यावा लागतो. बारीक रेषेवर कर्सर टेकवणं त्रासाचं, म्हणून लिंक टॅगच्या मजकुराला किंवा भरीव हॅचला, म्हणजे आकारात भरलेल्या रंगाला, द्यावी. हायपरलिंक कमांडच्या आधी डॅश टाकून एरिया हा पर्याय घेतला तर ऑटोकॅड स्वतःच आयताची पॉलिलाइन काढून यूआरएल-लेयर नावाच्या लेयरवर ठेवतं. अनोळखी लेयर म्हणून तो कुणी पुसू नये, एवढं टीमला सांगून ठेवा. पिकफर्स्ट हे व्हेरिएबलही, म्हणजे कमांडच्या आधी ऑब्जेक्ट निवडू देणारं सेटिंगही, 1 वर हवं.

साइटवर बहुतेकांकडे ऑटोकॅड नसतं. त्यांच्या हातात पीडीएफच जाते. ऑटोकॅडच्या स्वतःच्या पीडीएफ ड्रायव्हरमध्ये हायपरलिंक सोबत नेण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. साध्या प्रिंटर-ड्रायव्हरने काढलेल्या पीडीएफमध्ये चित्र येतं, लिंक येत नाही.

ड्रॉइंग बाहेर पाठवताना ई-ट्रान्समिटवर, म्हणजे ऑटोकॅडच्या पॅकेज बांधणाऱ्या कमांडवर, विसंबू नका. एक्सरेफ (जोडलेली दुसरी ड्रॉइंग) आणि फॉन्ट ते गोळा करतं, पण लिंकच्या पलीकडच्या फाइली पॅकेजमध्ये येत नाहीत. अ‍ॅड फाइल बटणाने त्या हाताने घाला, फोल्डरांची रचना आहे तशी ठेवण्याचा पर्याय निवडा, आणि पाठवण्याआधी ते पॅकेज तुमच्या सर्व्हरला न जोडलेल्या मशीनवर उघडून चार-पाच लिंका तपासा. स्वतःच्या मशीनवर तपासून उपयोग नाही. तिथे पूर्ण पाथच्या लिंकाही बिनबोभाट उघडतात.