शिडाच्या नौकेचं दुसरं इंजिन

[दृश्य : बंदराच्या तोंडाशी आलेली नौका. शिडं उतरवली जात आहेत.]

वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला इंजिन कशाला हवं, असं किनाऱ्यावरून पाहताना वाटतं. पण बंदरात शिरताना वारा समोरून येतो, ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असतं आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध असतात. त्या दहा मिनिटांत सगळी भिस्त इंजिनावर असते. तिथे ते बंद पडलं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

ही इंजिनं चालतात फार कमी. अनेक नौकांवर वर्षाकाठी शंभर तासही भरत नाहीत. नीट राखलेलं डिझेल इंजिन हजारो तास काम देतं, त्या हिशोबाने चाळीस वर्षांचं इंजिनसुद्धा धडधाकट असायला हवं. प्रत्यक्षात ते झिजण्याआधीच गंजतं, आणि ते काढून दुसरं बसवायचं का, हा प्रश्न येतो.

[दृश्य : इंजिनाचा खण. गंजलेले पाइप, मिठाचे पांढरे ओघळ.]

१९७० आणि ८०च्या दशकांतल्या बऱ्याच नौकांमध्ये इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी थेट त्याच्या अंगातून फिरवलेलं असायचं. खारं पाणी फार तापलं की त्यातले क्षार आतल्या वाटांमध्ये बसतात. म्हणून असं इंजिन साठ अंशांच्या खालीच ठेवावं लागे. डिझेलला मात्र ऐंशीच्या आसपासचं तापमान मानवतं. थंड इंजिनात इंधन पुरतं जळत नाही, काजळी धरते, तेलात ओलावा उतरतो. त्यात नांगरावर उभं राहून फक्त बॅटरी चार्ज करायला इंजिन तासन्‌तास मंद चालवायची सवय. कामाचा भार नसला की सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात, पिस्टनच्या रिंगा त्यांना घट्ट धरत नाहीत आणि आतला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, उतरतं.

तरी धूर दिसला म्हणून लगेच नव्या इंजिनाकडे धावू नये. काळा धूर म्हणजे इंजिनावर जास्त ओझं, किंवा हवा कमी. पुष्कळदा एक्झॉस्टचा बाक काजळीने बुजलेला असतो आणि तो बदलला की काम भागतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं इंधन, नाहीतर वाफ. इंधन फवारणारे नोझल तपासून घ्यावेत, कॉम्प्रेशन मोजावं. पर्किन्स ४-१०८सारख्या जुन्या, दणकट इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात, त्याचं ओव्हरहॉल करणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण ब्लॉकच, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडाच, आतून खाऱ्या पाण्याने खाल्ला असेल, किंवा हेडचं साधं गॅस्केट मिळवायला महिने लागत असतील, तर त्या इंजिनावर आणखी पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

[दृश्य : पाण्यावरून जाणारी नौका, बाजूने उठणारी लाट.]

नवं इंजिन किती ताकदीचं घ्यावं? इथे मोह होतो. पण पाणी कापत जाणाऱ्या नौकेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिच्या वर्गमुळाला १.३४ने गुणायचं, की नॉटमधली, म्हणजे ताशी सागरी मैलांतली, ढोबळ मर्यादा मिळते. लांबी २५ फूट असेल तर सुमारे ६.७ नॉट. यापुढे दुप्पट ताकद लावली तरी लाट मोठी होते, वेग जेमतेम वाढतो. टनामागे चार-पाच अश्वशक्ती असली की उलट वाऱ्यातही नौका पुढे सरकते. त्याहून मोठं इंजिन कायम अर्ध्या भारावर चालणार, म्हणजे जुन्याला ज्याने संपवलं तोच आजार पुन्हा.

विजेच्या मोटरचा विचारही मनापासून करावा. ती शांत असते आणि तिची देखभाल थोडी. अडचण साठ्याची आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते आणि त्यातली तीनेक युनिट शाफ्टपर्यंत, म्हणजे नौका ढकलणारा पंखा फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचते. ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजेही दहाच युनिट, जेमतेम तीन-चार लिटर डिझेलचं काम. धक्क्यावरून निघून शिडं चढवणाऱ्याला ती पुरेल. वारा पडल्यावर दिवसभर चालत राहायचं असेल, तर डिझेललाच पर्याय नाही.

[दृश्य : बूमला, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्याला, लटकवलेला चेन ब्लॉक, साखळीची कप्पी. जुनं इंजिन हळूहळू वर येतं.]

जुनं इंजिन काढताना आधी ते हलकं करतात. अल्टरनेटर, स्टार्टर, मॅनिफोल्ड सगळं उतरवायचं. क्रेन नसली तर बूमला चेन ब्लॉक बांधतात, पण बूमखाली भक्कम खांबाचा टेकू हवाच. इंजिन लटकलेलं असताना त्याच्याखाली कुणीही उभं राहायचं नाही.

आणि मग खण रिकामा होतो.

या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे दिवस हेच. नवं इंजिन बाहेर तयार असतं, ते आत बसवायची घाई होते. पण या कोपऱ्यात माणसाचा हात पुन्हा पोचेल तो कदाचित वीस-तीस वर्षांनी. आधी तेलाचा थर खरवडून, धुऊन काढावा. इंजिन ज्या दोन तुळयांवर बसतं, त्या ठोकून पाहाव्यात. वर फायबर दिसतं, पण आत बहुधा लाकूड असतं, आणि जुन्या बोल्टच्या भोकांतून तेलपाणी झिरपून ते कुजलेलं असू शकतं. आवाज बद्द आला तर कापून नवं भरायचं. समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, शाफ्टभोवतून पाणी आत येऊ न देणारी ग्लँड, पंख्याजवळचं रबरी बेअरिंग, झिजून खाच पडलेला शाफ्ट, हे सगळं आताच पाहावं. डिझेलच्या टाकीच्या तळाशी साठलेला गाळ आणि पाणी आताच काढावं, नाहीतर पहिल्याच खवळलेल्या समुद्रात ते ढवळून फिल्टर बुजवतं. वायरिंग नवं करावं. शेवटी पांढरा रंग द्यावा, कारण पांढऱ्यावर तेलाचा एक थेंबही लगेच दिसतो.

नव्या इंजिनाचे पाय जुन्या जागी बसतील हे गृहीत धरू नये. प्लायवूडचा साचा करतात, त्यात पायांची भोकं आणि गिअरबॉक्स शाफ्टला जोडणारं कपलिंग अचूक मापावर असतं. शाफ्टच्या नळीतून तार ओढून ताणली की इंजिनाची मधली रेषा कुठे हवी ते डोळ्यांना दिसतं. साचा नीट बसला की मगच इंजिन आत न्यायचं.

पंख्याचाही हिशोब नव्याने मांडावा लागतो. इंजिन कमी फेऱ्यांवरून जास्त फेऱ्यांवर गेलेलं असतं, गिअरचं प्रमाण बदललेलं असतं, कधी शाफ्टची दिशाही उलटी होते. कसोटी सोपी आहे. नौका पाण्यात चालू असताना पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन त्याच्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचलं पाहिजे. आधीच अडकून काळा धूर मारत असेल, तर पंखा त्याला जड होतोय.

एक्झॉस्टमध्ये चूक महागात पडते. गरम धुरात पाणी सोडून तो थंड करतात, आणि ते पाणी जिथे सोडलं जातं ती जागा पाण्याच्या रेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असेल, तर इंजिन बंद झाल्यावर समुद्र आपसूक आत ओढला जातो आणि सिलिंडरपर्यंत पोचू शकतो. म्हणून ते पाणी आणणाऱ्या नळीला रेषेच्या बराच वर नेलेला वळसा हवा आणि त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारी झडप.

[दृश्य : कपलिंगच्या दोन तबकड्यांमध्ये सरकणारं फिलर गेज, फट मोजायच्या पातळ पट्ट्या.]

शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत आणायचं शेवटचं माप जमिनीवर घेत नाहीत. टेकूंवर उभ्या नौकेचा आकार किंचित बदललेला असतो. पाण्यात उतरवून, एक-दोन दिवस स्थिरावू देऊन मगच तबकड्यांमधली फट मोजतात. तबकडीच्या दर इंच व्यासामागे इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त फरक नको. माउंटिंगचे, म्हणजे इंजिनाच्या रबरी पायांचे, नट पाव-पाव फेरा फिरवत हे जुळवायला अर्धा दिवस सहज जातो, आणि तो द्यावा.

पहिल्यांदा सुरू करताना इंधनाच्या नळ्यांतली हवा काढूनही इंजिन लगेच पेट घेईल असं नाही. सारखा सेल्फ मारत राहिलं तर पंप पाणी ढकलत राहतो, धूर नसल्याने ते बाहेर जात नाही आणि सायलेन्सर भरून इंजिनात उलटतं. सेल्फ मारताना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि इंजिन पेटताच उघडावा.

[दृश्य : बंदराबाहेर, इंजिनावर चाललेली नौका.]

नव्या इंजिनाला सुरुवातीपासून काम द्यायचं. धक्क्याला बांधून मंद चालवत ठेवायचं नाही. पन्नास तास झाले की तेल आणि तेलाचा फिल्टर बदलायचा, व्हॉल्व्हची फट तपासायची, माउंटिंगचे नट पुन्हा आवळायचे आणि कपलिंग सोडून फिलर गेजने तेच माप परत घ्यायचं. माउंटिंगचं रबर तोवर थोडं दबलेलं असतं.