कडेबाहेरचा सूर्य

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर संध्याकाळी दिसणाऱ्या सूर्याची कड इतकी रेखीव असते, की हात लावला तर टणक लागेल असं वाटावं. पण मंडळी, तिथे टणक काहीच नाही. सूर्य आरपार तापलेल्या, विद्युतभारित वायूचा आहे. आपल्याला दिसतो तो त्याचा दीप्तिगोल, म्हणजे काहीशे किलोमीटर जाडीचा पापुद्रा. सूर्याची त्रिज्या जवळजवळ ७ लाख किलोमीटर आहे, हे लक्षात घ्या.

गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस. तिथे हायड्रोजनचं हीलियम होतं आणि ऊर्जा सुटते. ती प्रारण विभागातून, म्हणजे जिथे ऊर्जा प्रकाशाच्या रूपात पुढे जाते त्या थरातून, अडखळत, हजारो वर्षं रेंगाळत वर सरकते. शेवटचे दोन लाख किलोमीटर मात्र वायूच खळखळतो. चुलीवर पेज रटरटते ना, तसा तापलेला वायू वर येतो, निवतो, पुन्हा बुडतो. त्याचे बुडबुडे म्हणजे दीप्तिगोलावरचे कण. त्यांना कण म्हणायचं, पण एकेक हजारेक किलोमीटर रुंद! गोवा त्यात कुठल्या कुठे हरवेल.

दीप्तिगोलाशी येईपर्यंत तापमान साडेपाच हजार अंशांवर उतरलेलं असतं. आगीपासून लांब गेलं की गारवा वाढायचा, इथवर सगळं रीतसर आहे. पुढे वर्णगोल हा वायूचा पातळ थर लागतो आणि त्याच्या बाहेर किरीट (कोरोना), म्हणजे सूर्याचं सर्वांत बाहेरचं विरळ वातावरण. किरीटाचं तापमान दहा लाख अंशांच्याही वर!

हे कळलं कसं? १८६९ च्या खग्रास ग्रहणात किरीटाच्या वर्णपटात, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, एक हिरवी रेषा दिसली. अशा रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येतं. ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'कोरोनियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. नुकतंच हीलियमही सूर्यप्रकाशातच सापडलं होतं, त्यामुळे ही कल्पना वेडगळ नव्हती. (आपल्या शेजारच्या विजयदुर्गावर हीलियम सापडलं असं सांगतात. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तिथे ग्रहण पाहायला आले ते १८९८ मध्ये. हीलियमची रेषा त्यांनी १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच पाहिली होती.) कोरोनियमचं कोडं पुढे सत्तर वर्षांनी ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांनी सोडवलं. ती रेषा निघाली साध्या लोखंडाची, पण २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या. लोखंडाची अशी गत व्हायला लाखो अंशांची उष्णता लागते.

एवढी उष्णता किरीटात पोचवतं कोण? चुंबकीय क्षेत्रातल्या लाटा, की क्षेत्ररेषा तुटून-जुळून होणारे असंख्य छोटे स्फोट? माझा कल दोन्हींचा वाटा मानण्याकडे आहे. वाद मात्र अजून मिटलेला नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आपलं सूर्याचा अभ्यास करणारं यान 'आदित्य-एल१' पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. त्यावरची बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दुर्बीण सूर्यबिंब झाकून किरीट पाहते, ग्रहणाची वाट न बघता. तिने टिपायच्या रेषांमध्ये ही लोखंडाची हिरवी रेषाही आहे.